स्वतंत्र व्हिडिओ गेम स्पर्धा आणि प्रदर्शनांसाठी पाठवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकट्याने किंवा दोन-चार जणांच्या चमूने गेम तयार करणाऱ्यांकडून स्पर्धा आणि प्रदर्शनांविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. मी स्वतः प्रवेशिका पाठवल्या आहेत आणि काही वेळा पहिल्या फेरीचे परीक्षणही केले आहे. दोन्ही बाजूंनी पाहिल्यावर माझे एक ठाम मत झाले आहे, ते आधीच सांगतो. गेमचा निकाल लागतो तो एका अनोळखी माणसाच्या संगणकावर, आपण शेजारी नसताना. हाताशी असलेला वेळ कशावर खर्च करायचा, हे त्या प्रसंगावरून मागे येत ठरवावे.

माझा गेम ‘स्वतंत्र’ या व्याख्येत बसतो का?

सर्वत्र मान्य असलेली एकच व्याख्या नाही. प्रत्येक आयोजक ती आपल्या नियमावलीत ठरवतो. कोठे प्रकाशक असलेला गेम चालतो, परंतु निर्मितीचे निर्णय चमूकडेच असावे लागतात. कोठे मोठ्या कंपनीच्या मालकीचा स्टुडिओ थेट बाद होतो. २०२३ मध्ये ‘डेव्ह द डायव्हर’ला द गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट स्वतंत्र गेमचे नामांकन मिळाले, तेव्हा त्यावर पुष्कळ वाद झाला, कारण तो तयार करणारा मिंटरॉकेट हा स्टुडिओ नेक्सॉन या मोठ्या कंपनीच्या छत्राखालचा होता. तुमचा प्रकाशकाशी करार झाला असेल तर अर्जात तसे स्पष्ट लिहा आणि प्रवेशिका तुम्ही पाठवणार की प्रकाशक, हे आधी ठरवून घ्या. दोघांनीही पाठवल्यामुळे एकाच गेमची दोनदा नोंद होण्याचे प्रकार घडतात.

पुरस्कार स्पर्धा, प्रदर्शन आणि ऑनलाइन महोत्सव यांत काय फरक आहे?

पुरस्कार स्पर्धेत परीक्षक गेम खेळून क्रम लावतात. इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हल हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण. त्याची स्थापना १९९८ मध्ये झाली, पहिले पुरस्कार १९९९ मध्ये दिले गेले आणि समारंभ गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्सच्या काळात होतो. त्यातील सर्वोच्च पारितोषिक शेमस मॅकनॅली या तरुण प्रोग्रॅमरच्या नावाने दिले जाते. २००० मध्ये ‘ट्रेड मार्क्स’ या गेमसाठी त्याला हा मान मिळाला आणि त्यानंतर लगेचच, वयाच्या अवघ्या २१ व्या वर्षी, कर्करोगाने त्याचे निधन झाले. प्रवेशिका पाठवणाऱ्या प्रत्येकाला हे नाव कोठून आले ते ठाऊक असावे, असे मला वाटते.

प्रदर्शनात क्रमवारी नसते. निवडलेले गेम लोकांसमोर मांडले जातात. डबल फाइन आणि आयअ‍ॅमएटबिट या कंपन्यांनी २०१२ मध्ये सुरू केलेला ‘डे ऑफ द डेव्ह्स’ हा या प्रकारातला. टोकियो गेम शोमधील ‘सेन्स ऑफ वंडर नाइट’ २००८ पासून होते आणि तेथे नावीन्यपूर्ण कल्पनेचे मंचावरून सादरीकरण करावे लागते, म्हणजे गेमइतकीच बोलण्याचीही तयारी लागते. ‘स्टीम नेक्स्ट फेस्ट’ हा स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाचा महोत्सव; त्यात परीक्षक नसतात. फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबर अशा तीन वेळा होणाऱ्या या महोत्सवात अजून विक्रीला न आलेले गेम डेमोसह भाग घेतात, आणि एका गेमला त्यात एकदाच भाग घेता येतो. ही एकमेव संधी अर्धवट डेमोवर खर्च करू नका. विक्रीच्या तारखेआधी शेवटचा जो महोत्सव येत असेल, तो सहसा सर्वांत सोयीचा ठरतो.

गेम अपूर्ण असताना पाठवावा का?

बहुतेक स्पर्धा अपूर्ण गेम स्वीकारतात, आणि अपूर्ण गेम जिंकतातही. ‘आउटर वाइल्ड्स’ला २०१५ मध्ये शेमस मॅकनॅली पारितोषिक मिळाले आणि तो विक्रीला आला २०१९ मध्ये. मात्र या उदाहरणाचा अर्थ नीट लावला पाहिजे. त्या गेममधली स्वतःच्या गतीने फिरणारी छोटी सूर्यमाला आणि पुन्हा पुन्हा सुरू होणारे कालचक्र तेव्हाच खेळता येत होते. कल्पना खेळाडूच्या हातात आली होती, राहिले होते ते तिच्याभोवतीचे काम.

म्हणून स्वतःला विचारायचा प्रश्न असा : माझ्या गेमचे जे वैशिष्ट्य मी दोन वाक्यांत सांगतो, ते आजच्या बिल्डमध्ये, म्हणजे गेमच्या आज चालवता येणाऱ्या आवृत्तीत, प्रत्यक्ष घडते का? घडत असेल, तर तात्पुरती चित्रे, राहिलेले स्तर आणि कच्चे आवाज परीक्षक समजून घेतात; काय तात्पुरते आहे एवढे त्यांना सांगितलेले असले म्हणजे झाले. ते वैशिष्ट्य अजून कागदावरच असेल, तर पुढच्या वर्षापर्यंत थांबावे.

एकच गेम दुसऱ्या वर्षी पुन्हा पाठवता येतो का?

हे पूर्णपणे नियमावलीवर अवलंबून असते. ‘फेझ’ने इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलमध्ये २००८ मध्ये दृश्यकलेचा पुरस्कार आणि २०१२ मध्ये सर्वोच्च पारितोषिक मिळवले, त्यावर मतभेदही झाले. अनेक ठिकाणी आधी अंतिम यादीत आलेला गेम पुन्हा घेत नाहीत, तर न निवडला गेलेला गेम भरीव बदल करून पाठवल्यास घेतात. बदल कोणते केले, ते अर्जात तीन-चार ओळींत लिहावे.

परीक्षक गेम नेमका कसा खेळतात?

मोठ्या स्पर्धांत काम सहसा दोन टप्प्यांत चालते. आधी मोठ्या संख्येने असलेले परीक्षक आपापल्या वाट्याला आलेले गेम खेळतात, शेरे आणि शिफारशी नोंदवतात. मग दृश्यकला, ध्वनी, कथन, रचना अशा प्रत्येक विभागाची जाणकार ज्युरी त्यांवर चर्चा करून अंतिम यादी आणि विजेते ठरवते. पहिल्या टप्प्यातले परीक्षक बहुधा स्वतः गेम तयार करणारे, अभ्यासक किंवा पत्रकार असतात आणि हे काम नोकरी सांभाळून, रात्री, विनामोबदला करतात.

हे लक्षात घेतले की पुष्कळ गोष्टी आपोआप स्पष्ट होतात. परीक्षकाकडे एका बैठकीत चार-पाच गेम असू शकतात. तो मॅन्युअल वाचणार नाही. ‘पहिला तास जरा संथ आहे, नंतर गेम खुलतो’ हे वाक्य अर्जांत वारंवार येते आणि लिहिणारा ते प्रामाणिकपणे लिहितो. परंतु त्या पहिल्या तासाला परीक्षकाच्या रात्रीत जागा नसते. दुसरीकडे, परीक्षक आस्थेने खेळतात हेही तितकेच खरे. माझ्या अनुभवात चांगल्या हेतूने केलेल्या गेमला लोक मुद्दाम जास्त वेळ देतात, अडले तर पुन्हा सुरुवात करतात, आयोजकांमार्फत निर्मात्याला प्रश्न विचारतात. त्यांना पुढे जाण्याची वाट मात्र दिसली पाहिजे.

परीक्षणासाठी पूर्ण गेम द्यावा की छोटा डेमो?

नियमावलीत स्पष्ट नसेल तर पूर्ण गेम द्यावा, आणि सोबत निवडक प्रसंगांकडे थेट जाण्याची सोय द्यावी. मेनूमध्ये ‘परीक्षकांसाठी’ असा एक पर्याय ठेवून त्यात चार-पाच ठिकाणे नावानिशी द्यायची, एवढे पुरे होते. कथाप्रधान गेममध्ये त्या ठिकाणी पोहोचेपर्यंत काय घडले, हे दोन ओळींत सांगावे. सेव्ह फाइल (खेळ कोठवर आला ते साठवणारी फाइल) वेगळी पाठवून ती अमुक फोल्डरमध्ये ठेवायला सांगणे टाळावे. बहुतेक जण ते करत नाहीत.

प्रदर्शनासाठीचा डेमो ही वेगळी गोष्ट आहे. तो दहा मिनिटांच्या आसपास संपावा आणि त्याला स्वतःचा शेवट असावा.

बिल्ड पाठवण्यापूर्वी काय तपासावे?

या प्रश्नाचे उत्तर मी मुद्दाम सविस्तर देत आहे, कारण चांगले गेम येथेच अडखळतात.

पहिली चाचणी अशा संगणकावर करा, ज्यावर कोणतेही गेम इंजिन किंवा प्रोग्रॅमिंगचे साहित्य कधीच बसवलेले नाही. विंडोजवर व्हिज्युअल सी प्लस प्लसच्या रनटाइम फाइल (गेम चालण्यासाठी लागणाऱ्या साहाय्यक फाइल) नसल्यामुळे गेम सुरूच होत नाही, आणि हे निर्मात्याला कळत नाही, कारण त्याच्या संगणकावर त्या असतातच. मॅकवर नोटरायझेशन (अ‍ॅपलकडून होणारी तपासणी) न केलेले अ‍ॅप गेटकीपर ही सुरक्षा व्यवस्था अडवते. विंडोजवरही अनोळखी प्रकाशकाच्या फाइलवर स्मार्टस्क्रीन या सुरक्षा सुविधेची सूचना येते. ती येणार असेल तर तसे अर्जात सांगून ठेवा. लिनक्ससाठी बिल्ड देत असाल तर फाइलच्या नावांतील लहान-मोठी अक्षरे तपासा. विंडोजवर बिनदिक्कत चालणारे ‘Player’ आणि ‘player’सारखे फरक तेथे दोन वेगळ्या फाइल ठरतात आणि चित्र किंवा आवाज सापडत नाही.

दुसरी चाचणी संगणकावरच्या खात्याच्या नावाची. खात्याच्या नावात देवनागरी, जपानी किंवा उच्चारचिन्हांची अक्षरे असतील तर सेव्ह फाइलचा मार्ग चुकीचा वाचला जाऊन गेम बंद पडू शकतो. परीक्षक जगभरचे असतात, त्यामुळे हे दुर्मीळ नाही. असे एक खाते तयार करून गेम सुरू करा, सेव्ह करा, बंद करून पुन्हा उघडा. पाच मिनिटांचे काम आहे.

तिसरी गोष्ट स्क्रीनची. हालचालीचा वेग स्क्रीनवर सेकंदाला किती फ्रेम म्हणजे चित्रे उमटतात त्याला बांधलेला असेल, तर ६० हर्ट्‌झच्या स्क्रीनवर बरोबर वाटणारी उडी १४४ हर्ट्‌झच्या स्क्रीनवर दुपटीहून जास्त वेगाने होते आणि गेम खेळण्यापलीकडचा होऊन बसतो. कीबोर्डची मांडणीही सगळीकडे सारखी नसते. हालचालीसाठी वापरल्या जाणाऱ्या डब्ल्यू, ए, एस, डी या बटणांपैकी डब्ल्यू आणि ए ही फ्रेंच कीबोर्डवर नेहमीच्या जागी नाहीत, म्हणून अक्षराऐवजी बटणाची जागा ओळखणारी पद्धत वापरावी किंवा बटणे बदलण्याची सोय द्यावी.

एक प्रसंग सांगतो. परीक्षण करताना एका गेमचा मेनू माझ्याकडे आपोआप खाली सरकत राहिला. ‘सुरू करा’वर थांबायचे म्हटले की निवड घसरत ‘बाहेर पडा’वर जाऊन बसायची. टेबलामागे एक जुना कंट्रोलर जोडलेला राहिला होता, त्याची डावी स्टिक किंचित ढळलेली होती, आणि गेममध्ये डेड झोन (स्टिकची जेवढी हालचाल गेमने दुर्लक्षित करायची ती मर्यादा) इतका लहान ठेवला होता की तो ढळलेपणा त्याला खेळाडूची आज्ञा वाटत होता. मी तो कंट्रोलर काढला आणि पुढे एक अतिशय हळुवार, सुंदर गेम खेळलो. दुसऱ्या एखाद्या परीक्षकाने कंट्रोलरचा संशय घेतला असता की नाही, हे मला सांगता येत नाही, आणि त्या निर्मात्यांच्या कष्टांचा विचार करून मला आजही त्याचे वाईट वाटते.

शेवटी, झगमगणाऱ्या दृश्यांकडे लक्ष द्या. वेबसाठीच्या सुगम्यतेच्या निकषांत एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा झगमगाट नसावा, असे सांगितले आहे. गेमसाठीही तीच मर्यादा पाळावी आणि जेथे पाळता येत नसेल तेथे सुरुवातीलाच इशारा द्यावा. सबटायटल आणि अक्षरांचा आकार बदलण्याची सोय असेल तर ती पहिल्याच स्क्रीनवर दिसू द्या.

ट्रेलर आणि वर्णन यांना किती महत्त्व द्यावे?

प्रदर्शनांच्या निवडीत ट्रेलरला फार महत्त्व असते, कारण निवड समिती पहिली चाळणी बऱ्याचदा त्यावरच लावते. पहिल्या काही सेकंदांत खेळाडू काय करतो ते दिसू द्या. स्टुडिओची बोधचिन्हे, काळ्या पडद्यावरची वाक्ये आणि संथ उघडणारी दृश्ये मागे ढकला. एक ते दीड मिनिट पुरे. पुरस्कार स्पर्धेत ट्रेलरचे वजन कमी असते, तरी परीक्षक अडला तर पुढे काय आहे ते पाहण्यासाठी तो उपयोगी पडतो, म्हणून न कापलेले, सलग खेळाचे एक साधे चित्रीकरणही सोबत द्यावे.

वर्णनात विशेषणे टाळा. ‘भावस्पर्शी आणि अद्वितीय अनुभव’ हे शब्द शेकडो अर्जांत असतात. ‘तुम्ही सीमेवरच्या चौकीत बसून कागदपत्रे तपासता आणि कोणाला आत सोडायचे ते ठरवता’ एवढ्या वाक्यातून इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलचे २०१४ चे सर्वोच्च पारितोषिक मिळवणारा ‘पेपर्स, प्लीज’ डोळ्यांसमोर उभा राहतो. खेळाडू कोण आहे, हाताने काय करतो आणि त्याला कशाची अडचण आहे, हे आले की वर्णन झाले.

कोणत्या विभागात प्रवेशिका द्यावी?

विभाग निवडण्याची मुभा असेल तर जेथे गेमची ताकद आहे असे एक किंवा दोन विभाग निवडा. सगळ्या खुणा केल्याने संधी वाढत नाही, उलट प्रत्येक विभागासाठी वेगळे शुल्क असेल तर खर्च वाढतो. रूढ चौकटीत न बसणाऱ्या गेमसाठी काही स्पर्धांत स्वतंत्र विभाग असतो. इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलमधील ‘नुओवो’ पुरस्कार तशा प्रयोगशील कामांसाठीच आहे. आपला गेम लहान किंवा विचित्र आहे म्हणून मागे राहू नका. अशा विभागात तीच त्याची जमेची बाजू असते.

प्रवेश शुल्क भरावे का? फसव्या स्पर्धा कशा ओळखाव्यात?

शुल्क असणे गैर नाही. परीक्षणाची व्यवस्था, सर्व्हर, समारंभ यांना खर्च येतो. तरीही वर्षाच्या सुरुवातीला एकूण रक्कम ठरवून तीतच भागवावे. निवड झाल्यास प्रवास, मुक्काम, व्हिसा आणि स्टॉलचे भाडे कोण देणार, हे शुल्क भरण्याआधी विचारावे, कारण खरा खर्च तेथे असतो.

संशय घ्यावा अशा काही खुणा आहेत. दर महिन्याला ‘विजेते’ जाहीर होतात, विभाग इतके असतात की प्रत्येकाला काहीतरी मिळते, परीक्षकांची नावे कोठेच नसतात आणि जिंकल्यावर मानचिन्हासाठी वेगळे पैसे मागितले जातात. गेल्या वर्षीच्या अंतिम यादीतील दोन-तीन निर्मात्यांना संदेश पाठवून अनुभव विचारणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग; लोक मोकळेपणाने सांगतात. परीक्षक असल्याचे सांगून स्टीमच्या डझनभर की (गेम खात्यात उघडून देणारे कोड) मागणाऱ्या ईमेलपासूनही सावध राहा. अशा की पुढे विकल्या जातात. आयोजकांच्या अधिकृत अर्जातूनच की द्या आणि कोणत्या स्पर्धेला कोणती की दिली, त्याची नोंद ठेवा.

संगीत, फाँट आणि विकत घेतलेले साहित्य यांबाबत काय काळजी घ्यावी?

प्रत्येक गोष्टीचा परवाना एका तक्त्यात नोंदवून ठेवा. नमुन्यादाखल वापरलेले गाणे बिल्डमध्ये तसेच राहून जाणे ही सर्रास होणारी चूक आहे. फक्त अव्यावसायिक वापरासाठी खुला असलेला फाँट किंवा आवाज रोख बक्षिसाच्या स्पर्धेत आणि पुढे विक्रीतही अडचणीत आणू शकतो. संगीतकाराशी लेखी करार करा आणि ट्रेलर, थेट प्रक्षेपण व समारंभात संगीत वाजवण्याची परवानगी त्यात नमूद करा.

कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले चित्र, आवाज किंवा मजकूर वापरला असेल तर विचारल्यावर खरे सांगा. जानेवारी २०२४ पासून स्टीमवर त्याची माहिती देणे बंधनकारक आहे आणि अनेक स्पर्धांनी आपापले नियम केले आहेत. तात्पुरती म्हणून ठेवलेली एखादी प्रतिमा अंतिम बिल्डमध्ये राहिली तरी ती नियमभंगात मोजली जाऊ शकते.

प्रवेशिका पाठवल्यावर गेमचे हक्क आयोजकांकडे जातात का?

जाऊ नयेत. प्रसिद्धीसाठी चित्रे, ट्रेलर आणि नाव वापरण्याची परवानगी मागणे योग्य आहे. त्यापलीकडे प्रकाशनाचा पहिला हक्क, उत्पन्नातला वाटा किंवा पात्रे व नाव यांवर अधिकार मागणारे कलम दिसले तर वकिलाला दाखवा किंवा ती स्पर्धा सोडून द्या.

विद्यार्थ्यांसाठी वेगळी वाट आहे का?

आहे, आणि ती जरूर घ्यावी. बऱ्याच स्पर्धांत विद्यार्थी विभाग आणि त्यासाठी सवलत असते. डिजिपेन या संस्थेतील विद्यार्थ्यांचा ‘नार्बॅक्युलर ड्रॉप’ हा गेम विद्यार्थ्यांच्या कामाच्या प्रदर्शनात व्हॉल्व्ह या गेम कंपनीच्या लोकांनी पाहिला, त्या चमूला नोकरीवर घेतले आणि त्या कल्पनेतून २००७ मध्ये ‘पोर्टल’ हा गेम आला. शिक्षणसंस्थेत केलेल्या कामावर संस्थेचा हक्क आहे का, हे मात्र आधी लेखी विचारून घ्या.

निवड झाली, आता स्टॉलवर गेम कसा मांडावा?

प्रदर्शनासाठी वेगळी बिल्ड तयार करा. तिच्यात बाहेर पडण्याचा पर्याय नसावा, एक-दीड मिनिट कोणी हात लावला नाही तर गेम आपोआप सुरुवातीला यावा आणि प्रत्येक नव्या खेळाडूसाठी सगळ्या सेटिंग मूळ ठिकाणी याव्यात. हा शेवटचा मुद्दा मी फार महागात शिकलो. एका प्रदर्शनात कोणीतरी मेनूतून आवाज शून्यावर आणला आणि उठून गेला. आमचा गेम आवाजाच्या दिशेवरून वाट शोधण्याचा होता. त्यानंतर तासाभरात बसलेले सगळे खेळाडू हेडफोन लावून शांतपणे भिंतींवर आदळत राहिले, आभार मानून निघून गेले, आणि तसाच असतो गेम असे समजून कोणी काही बोलले नाही. एका लहान मुलीने हेडफोन काढून ‘यातून काहीच ऐकू येत नाही’ असे सांगितले, तेव्हा आम्हाला कळले.

ऑपरेटिंग सिस्टिमचे अपडेट आणि सूचना बंद ठेवा. कंट्रोलर वायरचा असावा आणि एक जास्तीचा हाताशी असावा. हेडफोन पुसण्याची सोय ठेवा. खेळाडू अडला की लगेच उत्तर सांगू नका. कोठे अडला ते वहीत लिहा. दिवसाअखेर एकाच जागी दहा खुणा झालेल्या दिसल्या, तर ती जागा दुरुस्त करायची असते.

मुदतीनंतर बिल्ड बदलता येते का?

काही स्पर्धा परवानगी देतात, काही देत नाहीत. परवानगी असली तरी परीक्षण सुरू झाल्यावर फक्त गेम बंद पडण्यासारखे दोष दुरुस्त करावेत, नवे काही घालू नये. स्टीमवर परीक्षकांसाठी वेगळी शाखा (बिल्डची स्वतंत्र आवृत्ती) ठेवली, तर रोजच्या कामातली मोडतोड त्यांच्यापर्यंत जात नाही.

निवड झाली नाही तर काय समजावे?

अंतिम यादीतल्या जागा मोजक्या असतात आणि अर्ज कित्येक पटींनी जास्त. त्या वर्षी तुमच्यासारखेच दोन गेम आले असतील, तुमच्या वाट्याला त्या प्रकारची आवड नसलेले परीक्षक आले असतील. नकाराच्या एका ओळीवरून गेमचा दर्जा ठरत नाही. परीक्षकांचे शेरे मिळत असतील तर लगेच वाचा, पण बदल करायला आठवडाभराने बसा. शेऱ्यात सुचवलेला उपाय बऱ्याचदा चुकतो. कोठे कंटाळा आला, कोठे गोंधळ झाला ही नोंद मात्र बहुधा बरोबर असते. खेळाचा कालावधी कळवला जात असेल तर तो पाहा. तीन परीक्षक बाराव्या मिनिटाच्या आसपास थांबले असतील, तर बिल्ड उघडून बारावे मिनिट खेळून पाहा.

निवडीची बातमी कधी जाहीर करावी?

आयोजकांनी दिलेल्या तारखेआधी कोठेही नाही, मित्रांच्या खासगी गटातसुद्धा नाही. तोपर्यंतचे दिवस स्टोअरचे पान पूर्ण करण्यात घालवा. बातमी वाचून येणाऱ्याला विशलिस्टचे बटण, चालू असलेला ट्रेलर आणि शक्य असेल तर डेमो त्याच क्षणी मिळाला पाहिजे, कारण दोन दिवसांनी तो परत येण्याची शक्यता फार कमी असते. मानचिन्हाची प्रतिमा आयोजक देतात. ती ट्रेलरच्या सुरुवातीला न लावता शेवटी लावावी, म्हणजे पहिले सेकंद गेमसाठी मोकळे राहतात.